विखुरलेल्या चित्ताचे नायक : आर. के. नारायण यांच्या तीन कादंबऱ्या

माणसांची लक्षणे सांगून त्यांचे वर्ग पाडण्याची प्रवृत्ती फार जुनी आहे. ग्रीक तत्त्वचिंतक थिओफ्रास्टस याने 30 स्वभावप्रकारांची शब्दचित्रे रेखाटली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणे सांगितली. विसाव्या शतकात कार्ल युंगने 1921 मध्ये मनोवृत्तींचे प्रकार मांडले आणि पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज व इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी त्यांच्या आधारे 16 व्यक्तिमत्त्वप्रकारांची मांडणी रूढ केली. या वर्गीकरणात एक माणूस वारंवार भेटतो. तो कल्पक असतो, माणसांत रमतो, नव्या शक्यतेने हुरळतो आणि हातातले काम अर्धे टाकून पुढच्या कामामागे लागतो. असा माणूस पेरणी करतो, पण पीक उभे राहण्याआधीच शेत सोडून जातो, अशा आशयाचे निरीक्षण युंगने नोंदवले आहे. माणसांचे असे काटेकोर कप्पे करता येतात का, याविषयी मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र प्रश्न निराळा असतो. लक्षण माणूस कसा आहे ते सांगते. त्या असण्याची किंमत कोणी आणि किती मोजली, हे सांगण्यासाठी कथेची गरज लागते.

मराठी वाचकाला हा माणूस अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या संग्रहात तो एकाहून अधिक रूपांत वावरतो. दुसऱ्याच्या घरचे लग्न आपल्या अंगावर घेणारा 'नारायण' आणि इतिहासातील प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्यासारखे सांगणारा 'हरितात्या' ही त्याची दोन संस्मरणीय रूपे. परंतु व्यक्तिचित्र हा वाङ्मयप्रकारच असा आहे, की तो माणसाला त्याच्या लोभस क्षणी थांबवतो. माणूस 'वल्ली' ठरला, की त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो आणि त्याला जाब विचारण्याची गरज मागे पडते. कादंबरीला ही सवलत नसते. तिच्यात वर्षे जातात, उसनवारी वाढते, घरातली माणसे दुखावतात. याच स्वभावाच्या माणसाला काळाच्या ओघात सोडून देऊन त्याचे काय होते, हे चिकाटीने पाहणारा लेखक म्हणजे म्हैसूरचे आर. के. नारायण. त्यांच्या 'मिस्टर संपत' (1949), 'द गाइड' (1958) आणि 'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी' (1961) या तीन कादंबऱ्या एका स्वभावाचा केलेला तीन टप्प्यांचा तपास म्हणून एकत्र वाचता येतात.

नारायण यांचा जन्म 1906 मध्ये मद्रासला झाला. पण त्यांची वाङ्मयीन जडणघडण म्हैसूरची. वडील तेथील महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते आणि नारायण स्वतः 1930 मध्ये तेथील महाराजा कॉलेजातून पदवीधर झाले. शिक्षकाची नोकरी त्यांनी अल्पावधीतच सोडली. पुढे काही काळ मद्रासच्या 'जस्टिस' या वृत्तपत्राचे म्हैसूरमधील बातमीदार म्हणून ते काम करीत. कचेऱ्या, बाजार, नगरपालिका असे फिरून बातम्या जमवणे हा त्यांचा दिनक्रम होता. वाटेत भेटणाऱ्याशी थांबून बोलणे हा या कामाचाच भाग होता. 1941 च्या सुमारास त्यांनी 'इंडियन थॉट' हे नियतकालिक काढले, तेव्हा ते छापणाऱ्या म्हैसूरच्या मुद्रकाशी त्यांचा निकटचा संबंध आला. या मुद्रकाच्या व्यक्तिमत्त्वातूनच संपत साकारला, हे नारायण यांच्या 'माय डेज' (1974) या आत्मकथनावरून कळते. मालगुडी म्हणजे म्हैसूर नव्हे. सरयू नदी आणि मेंपीचे डोंगर कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत. तरीही जेथे दुकानाच्या फळीवर बसून तासभर गप्पा मारल्या तरी कोणी घड्याळाकडे पाहत नाही, अशा नगरजीवनाचा अनुभव या तिन्ही कादंबऱ्यांच्या मुळाशी आहे. चित्त विखुरणे हा अशा गावात दोष म्हणून लगेच नजरेत भरत नाही. तो शेजारधर्मासारखा दिसतो.

'मिस्टर संपत'मध्ये हा माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसतो. कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी असले तरी तिची जाणीव श्रीनिवासची आहे. श्रीनिवास 'बॅनर' नावाचे साप्ताहिक काढतो आणि संपत ते छापतो. छापखान्याच्या आतल्या भागात कोणालाही प्रवेश नसतो. बाहेर मात्र संपत प्रत्येकाचा मित्र, सल्लागार आणि वाली असतो. त्याची कल्पकता खरी आहे आणि त्याचा स्नेहही खोटा नाही. म्हणूनच चित्रपटनिर्मितीचे नवे क्षितिज दिसताच तो छापखाना बाजूला सारतो, तेव्हा श्रीनिवासला ते विश्वासघातासारखे वाटत नाही. साप्ताहिक बंद पडते आणि संपादक पटकथा लिहू लागतो. मदनदहनाच्या कथेवर चित्रपट उभा राहू लागतो. सोमूसारखा पैसेवाला त्यात ओढला जातो, शांती नायिका होते आणि रवी हा मनस्वी चित्रकार तिच्या दर्शनाने वेडापिसा होतो. अखेरीस चित्रपट कोसळतो, रवीचे भान हरपते, आणि सर्वांना एकत्र आणणारा संपत सर्वांत एकटा उरतो.

येथे नारायण यांनी टिपलेले सूक्ष्म सत्य असे, की संपत कोणालाही फसवायला निघालेला नाही. समोरच्या माणसाच्या मनातली सुप्त इच्छा त्याला त्या माणसाच्या आधी दिसते. सोमूला प्रतिष्ठा हवी असते, श्रीनिवासला आपल्या विचारांसाठी मोठे व्यासपीठ हवे असते, रवीला एकदाच पाहिलेला चेहरा पुन्हा हवा असतो. संपत या सर्व इच्छांना एका योजनेत गुंफतो. पण इच्छा जागवणे आणि ती तडीस नेणे यांत जे कष्टाचे अंतर आहे, ते चालून जाण्याइतका वेळ तो कोठेच थांबत नाही. श्रीनिवास शेवटी त्याच्यापासून दूर होतो. मात्र या दूर होण्यामुळे कादंबरीची एक मर्यादाही स्पष्ट होते. संपतला स्वतःविषयी काय वाटते, हे वाचकाला कळतच नाही. तो अखेरपर्यंत बाहेरून पाहिलेला माणूस राहतो आणि त्या अर्थाने व्यक्तिचित्राच्या जवळचा राहतो. 1952 मध्ये जेमिनी संस्थेने या कादंबरीवर काढलेल्या हिंदी चित्रपटात मोतीलाल यांनी ही भूमिका केली. त्यांच्या सहज अभिनयाला संपतचे हे बाह्य मोहक रूप पुरेपूर मानवले, यात आश्चर्य नाही.

'द गाइड'मध्ये नारायण त्या बंद दारामागे जातात. राजू हा मालगुडी स्थानकावरील दुकानदार. प्रवासी काहीतरी विचारतात आणि 'ठाऊक नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. ज्याला जे ऐकायचे असेल ते त्याला ऐकवणे, इतक्या साध्या सवयीतून तो मार्गदर्शक होतो. रोझीला नृत्याची ओढ आहे आणि तिचा पती मार्को त्याकडे ढुंकून पाहत नाही, हे राजूच्या ध्यानात येते. तो त्या नृत्याचा चाहता, मग प्रियकर आणि पुढे व्यवस्थापक होतो. दुकान हातचे जाते, आई घर सोडते, कर्ज वाढते. रोझी 'नलिनी' म्हणून कीर्तीच्या शिखरावर असताना तिच्या दागिन्यांच्या पेटीसंबंधीच्या कागदावर राजू तिची खोटी सही करतो आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा होते. सुटून आल्यावर नदीकाठच्या ओस पडलेल्या देवळात बसलेला असताना वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो, आणि राजूला पुन्हा एकदा नकार देता येत नाही.

या कादंबरीत एकाग्रतेचे तीन नमुने शेजारी शेजारी ठेवले आहेत, ही गोष्ट समीक्षेत दुर्लक्षून चालणार नाही. मार्को हा राजूचा संपूर्ण व्यत्यास आहे. गुहेतील भित्तिचित्रांवर त्याचे चित्त अढळ असते. त्याच्या हातून दक्षिण भारताच्या सांस्कृतिक इतिहासावरचा ग्रंथही पूर्ण होतो. पण शेजारी बसलेल्या पत्नीकडे पाहण्याइतके त्याचे लक्ष मोकळे नसते. म्हणजे एकाग्रता हा आपोआप सद्गुण ठरत नाही. उलट राजूचे लक्ष सर्वत्र असते. त्यामुळेच मार्कोला जे दिसले नाही ते त्याला दिसले. रोझीची गुणवत्ता ओळखणारा पहिला माणूस तोच, हे श्रेय त्याच्याकडून काढून घेता येत नाही. तिसरा नमुना स्वतः रोझीचा. रोजच्या पहाटेच्या रियाजाला ती कधी चुकत नाही, आणि तिची ही निष्ठा माणसांना पारखी करणारी नाही. राजू तुरुंगात असतानाही तिचे नृत्य थांबत नाही. तिला घडवल्याचा राजूचा समज यामुळे निकालात निघतो. त्याने दार उघडून दिले होते. चालण्याचे श्रम तिचे होते. राजू मात्र दार उघडणारा माणूस आणि घराचा मालक यांतला भेद विसरला. खोटी सही हा या विस्मरणाचा शेवटचा टप्पा आहे. दुसऱ्याची इच्छा सतत बोलून दाखवणाऱ्या माणसाने अखेरीस दुसऱ्याचे नावही परस्पर लिहून टाकले.

कादंबरीची रचना या आशयाशी एकजीव झालेली आहे. राजूच्या पूर्वायुष्याची कहाणी तो स्वतः वेलनला सांगतो. देवळातील वर्तमान मात्र तृतीयपुरुषी निवेदनातून येतो. कहाणी सांगताना राजू वाचकालाही मोहात पाडतो, कारण श्रोता राखणे हीच त्याची कला आहे. तृतीयपुरुषी भागात मात्र त्याच्या शब्दांचा ताबा त्याच्याकडे उरत नाही. खेड्यात भांडणे पेटलेली असताना, ती थांबेपर्यंत जेवणार नाही, असे तो तिरमिरीत बोलून जातो. वेलनचा मंदबुद्धी भाऊ गावाला जाऊन सांगतो, की पाऊस पडेपर्यंत स्वामी अन्न घेणार नाहीत. आयुष्यभर सहज बोलून गेलेला माणूस पहिल्यांदाच त्याने न बोललेल्या शब्दाने बांधला जातो. सुटकेसाठी तो वेलनला आपले सर्व सत्य सांगतो. तरीही वेलनची श्रद्धा ढळत नाही. ज्याने जन्मभर लोकांना त्यांच्या इच्छेप्रमाणे ऐकवले, त्याचे सत्यही लोक आता आपल्या इच्छेप्रमाणेच ऐकतात.

या प्रसंगाचे बीज म्हैसूरच्या एका अवर्षणात आहे. कावेरीच्या आटलेल्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभे राहून काही ब्राह्मणांनी 11 दिवस पर्जन्यासाठी उपवास व प्रार्थना केली आणि बाराव्या दिवशी पाऊस झाला, अशी आठवण नारायण यांनी नोंदवली आहे. प्रत्यक्षातील घटनेत पाऊस पडला होता. कादंबरीत तो पडला की नाही, हे लेखकाने संदिग्ध ठेवले. हा बदल कळीचा आहे. उपवासाच्या काही दिवसांनंतर राजूला एक विलक्षण अनुभव येतो. पैसा आणि प्रेम यांच्या पलीकडचे, स्वतःचा कोणताही स्वार्थ नसलेले काम आपण पूर्ण मनाने करीत आहोत, हे त्याला जाणवते, आणि त्या जाणिवेने त्याला बळ येते. विखुरलेल्या चित्ताला पहिल्यांदाच एक ठिकाण मिळते. डोंगरात पाऊस पडत असल्याचे तो सांगतो आणि खाली कलंडतो. येथे तो साधू झाला, की शेवटची भूमिका वठवून गेला, असा वाद अभ्यासकांत चालत आला आहे. परंतु पाऊस पडला असता तर त्या एकाग्रतेची किंमत फळावरून ठरली असती. नारायण यांनी फळ झाकून ठेवले, म्हणून वाचकाला फक्त ती एकाग्रताच पाहावी लागते. 1965 मधील विजय आनंद दिग्दर्शित चित्रपटाने प्रेक्षकांना धो-धो पाऊस दिला. मालगुडीच्या शोधात निर्मात्यांना म्हैसूरचा परिसर दाखवून आणलेल्या नारायण यांना चित्रीकरणासाठी राजस्थान निवडले गेल्याचे वैषम्य वाटले, आणि या रूपांतराविषयीची नाराजी त्यांनी लेख लिहून व्यक्त केली. स्थळ बदलणे ही गंभीर बाब होतीच. पण राजूच्या शेवटच्या क्षणाची संदिग्धता पावसात वाहून गेली, हे नुकसान त्याहून मोठे म्हणावे लागेल.

'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी'मध्ये संपूर्ण निवेदन नटराजचे आहे. तोही मुद्रकच. छापखान्याच्या पुढच्या खोलीत त्याने खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. कोणीही यावे, बसावे. एकाक्षरी शब्दांत कृष्णचरित्र रचणारा कवी तेथे येतो आणि नेहरूंच्या धोरणांवर तोंडसुख घेणारा पत्रकार सेनही येतो. निळ्या पडद्यापलीकडे मात्र प्रवेश नाही. शेजारच्या 'स्टार' छापखान्याचे हायडेलबर्ग यंत्र आपलेच असल्याचा गिऱ्हाइकांचा समज नटराज मोडत नाही, आणि आतले खरे काम त्याचा सहकारी शास्त्री ओढतो. संपतच्या छापखान्याची ही आठवण हेतुपूर्वक असावी. फरक इतकाच, की आता हा माणूस स्वतः बोलतो आहे आणि आपल्या दुबळेपणाची त्याला लख्ख जाणीव आहे.

या मोकळ्या खोलीत प्राणी मारून त्यांत पेंढा भरणारा बलदंड वासू शिरतो. तो भाडे न देता माडी बळकावतो, नटराजला जीपमध्ये घालून मेंपीला नेतो आणि तेथे खिशात पैसे नसताना सोडून देतो. शास्त्री त्याच्यात भस्मासुर पाहतो. पुराणकथेत भस्मासुराला वर देणारा देवही सहजच प्रसन्न होणारा होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. सर्वांसाठी दार उघडे ठेवणाऱ्याच्या घरात राक्षसही त्याच दाराने येतो. संपत आणि राजू यांच्या स्वभावाने इतरांचे नुकसान झाले. नटराजच्या स्वभावाने दुष्टाला आसरा मिळाला. सोशिक सौजन्याची ही चिकित्सा मध्यमवर्गीय वाचकाला अधिक बोचणारी आहे, कारण राजूसारखी खोटी सही फार थोडे लोक करतात, पण 'नाही' म्हणण्याचा संकोच घरोघरी आढळतो.

कुमार नावाच्या देवळाच्या हत्तीला मिरवणुकीत गोळी घालण्याचा वासूचा बेत कळतो, तेव्हा नटराजचे चित्तही एका जागी येते. ऐन वेळी तो माडीवर जातो आणि वासूला थांबवू पाहतो. परंतु खुर्चीत बसलेला वासू त्याआधीच मेलेला असतो. कपाळावरचा डास मारताना स्वतःच्याच प्रचंड हाताचा तडाखा त्याला बसलेला असतो. म्हणजे नटराजच्या आयुष्यातील एकमेव निर्धाराचे कृत्य परिणामाच्या दृष्टीने निरर्थक ठरते. इतकेच नव्हे, तर लोक त्याच्यावरच खुनाचा संशय घेतात आणि गजबजलेली खोली ओस पडते. राजूच्या उपवासाचे फळ झाकलेले आहे, तर नटराजच्या धैर्याचे फळ हास्यास्पद आहे. दोन्ही ठिकाणी नारायण एकच गोष्ट करतात. चित्त एकवटण्याचे मोल ते यशापासून अलग करतात.

या मांडणीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो गैरलागू नाही. अशा माणसाच्या वागण्याची झळ ज्यांना लागते त्यांना, म्हणजे राजूची आई, संपतची बायकामुले, नटराजची पत्नी यांना, कादंबऱ्यांत पुरेसा आवाज नाही. नारायण यांचा विनोद करुणेने ओथंबलेला असला तरी त्या करुणेचा मोठा वाटा नायकाच्याच पदरात पडतो. रोझी हा या नियमाला ठळक अपवाद आहे, आणि 'द गाइड' या तिघींत श्रेष्ठ ठरते त्याचे एक कारण हेही आहे. जेथे नायकाच्या कल्पकतेसमोर दुसऱ्या माणसाची स्वतंत्र निष्ठा उभी राहते, तेथेच त्या कल्पकतेची खरी परीक्षा होते. 1960 मध्ये साहित्य अकादमीचा इंग्रजी भाषेसाठीचा पहिला पुरस्कार याच कादंबरीला मिळाला. 'व्यक्ती आणि वल्ली'लाही अकादमीचा पुरस्कार 1965 मध्ये लाभला. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच स्वभावधर्माकडे पाहण्याच्या दोन वाङ्मयीन रीती दिसतील. पहिली त्या स्वभावाचा हिशेब मांडते, दुसरी त्याला मायेने जपते. दोन्हींची गरज असते. पण एकीचे काम दुसरीकडून होत नाही.

नारायण 2001 मध्ये चेन्नईत निवर्तले. म्हैसूरच्या यादवगिरी भागातील त्यांचे घर 2016 पासून संग्रहालय म्हणून खुले झाले आहे. त्यांच्या या तीन नायकांपैकी संपत गर्दीत हरवतो आणि राजू नदीच्या पात्रात कलंडतो. नटराज तेवढा कामावर परततो. सर्वांनी पाठ फिरवलेली असताना शास्त्री परत येतो, वासूच्या मृत्यूचे खरे कारण त्याला सांगतो आणि खोळंबलेल्या छपाईची आठवण करून देतो. मालक असलेला नटराज आपल्या सहकाऱ्याचे ऐकतो आणि निमूटपणे कामाला तयार होतो. या वेळी त्याने दिलेला होकार पुढच्या खोलीतील पाहुण्याला नसून पडद्याआडच्या कामाला आहे. स्वभाव तोच राहिला आहे. फक्त त्या होकाराची दिशा बदलली आहे.